हॉटेलचे टेबल आणि घरची पंगत

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आम्हा चार मित्रांचा एक नेम आहे. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी शेवटचा तास संपला की बारामतीहून स्वारगेटची विनाथांबा गाडी पकडायची, अप्पा बळवंत चौकात पुस्तके चाळायची, जमल्यास एखादे व्याख्यान ऐकायचे आणि रात्री एखाद्या हॉटेलात एकत्र जेवून परत फिरायचे. पुणे जमले नाही तर भिगवण जवळ आहे. तेथे उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि सोलापूर रस्त्यालगत मासळीची ताटे मिळतात. बिल ‘तुझे तू, माझे मी’ या न्यायाने चौघांत वाटले जाते. आमच्यांत एक मराठा, एक माळी, एक धनगर आणि मी बौद्ध.

हा नेम विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. वर्गात संविधानाचे सतरावे कलम शिकवीत असताना एक मुलगा उठून म्हणाला, “सर, तुम्ही सगळे एका टेबलावर जेवता. मग अस्पृश्यता आता राहिली कुठं?” त्याच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. मी कलमे आणि कायदे सांगून वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

१

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, अनोळखी माणसांनी शेजारी बसून जेवण्याची जागा जातिव्यवस्थेत नव्हती. माणूस आपल्या घरी जेवे, किंवा आपल्या जातीच्या पंगतीला. प्रवासाला निघाला तर शिदोरी आणि पाण्याचा तांब्या बरोबर घेई. अन्न कोणी शिजविले, कोणी वाढले आणि शेजारी कोण बसले, या तीन प्रश्नांवर जातीची सारी तटबंदी उभी होती. हॉटेल हे तिन्ही प्रश्न एकदम गुंडाळून ठेवते. म्हणूनच रेल्वे, गिरण्या आणि कॉलेजे यांच्याबरोबर आलेल्या या जागेची पहिली धास्ती उच्चवर्णीयांनी घेतली.

१८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातीचा निर्बंध मोडण्यासाठी ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, पण गुप्तपणे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या एका समारंभात शहरातील नामवंतांपुढे चहा-बिस्किटे आली, उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि त्या चहावरून ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्यातल्या चहाची ही ताकद होती.

हा इतिहास सुधारणेच्या पुस्तकांत अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाही. परंतु त्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हता. खाल्ल्याने जात जाईल ही त्यांची भीती होती. आपल्याला खायला बसूच दिले जात नव्हते. त्यांच्यासाठी प्रायश्चित्ताची वाट होती, आपल्यासाठी दारच बंद होते.

आज आपण ज्याला सहल म्हणतो तिचा अर्थ आपल्या समाजासाठी काय होता, हे बाबासाहेबांच्या दोन प्रवासांवरून कळते. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत लहानगा भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनापासून पुढचा प्रवास बैलगाडीचा. मुलांजवळ जेवण भरपूर होते, पण ‘महारांच्या’ मुलांना वाटेत पाणी देणारा कोणी भेटला नाही आणि ती उपाशीच राहिली. पुढे १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतील सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहण्यासाठी हौसेने सहलीला निघाले. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने त्यांच्यापैकी काहींनी हातपाय धुतले, तेव्हा तेथील मुसलमान मंडळी अंगावर धावून आली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो बरोबर एक हत्यारबंद शिपाई घेऊन. पाण्याला कोणी शिवू नये यासाठी. तोपर्यंत बाबासाहेब परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आले होते आणि गोलमेज परिषद गाजवून आले होते. पाण्याने त्यांची पदवी विचारली नाही. पाण्याच्या राखणदारांनी जात विचारली.

दार उघडले ते कोणाच्या कृपेने नव्हे. कोल्हापुरात सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा कागदावर खुल्या झाल्या. कागद पुरत नाही हे जाणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, म्हणजे १९७६ नंतर ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात त्याने, आणखी एक गोष्ट केली. चौथ्या कलमात हॉटेलात जाण्याच्या हक्कापाशी न थांबता, हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क त्याने वेगळा नोंदविला. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होते की दार उघडूनही कप वेगळा ठेवता येतो.

ही लढाई केवळ आपलीच नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी एका दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून राहिले. त्याच दुकानात त्यांना सामान विकत मिळत होते, बसून खायला मात्र मिळत नव्हते. पैसा घेणे आणि शेजारी बसू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथील काळ्यांना आणि येथील दलितांना सारखेच समजते.

२

आता कपाविषयी. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील पंधरा वर्षांचे होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आमच्या गावच्या फाट्यावर पत्र्याचे एक हॉटेल होते. आमच्या वस्तीतल्या माणसांच्या कपबश्या बाहेर कुडाच्या खाचेत असत. आपण काढायची, आपणच विसळायची. चहा वरून ओतला जाई आणि पैसे बाकड्यावर ठेवायचे. कायदा होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. त्याच वर्षांत बाबा आढाव ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत खेडोपाडी फिरत होते, यावरून खेड्यांतली वस्तुस्थिती कळावी.

नोकरी कायम झाल्यावर मी वडिलांना पुण्याला नेले. एका जुन्या इराणी हॉटेलात आम्ही बसलो. वडिलांनी चहा प्याला, कपबशी उचलली आणि ते मोरी शोधू लागले. वेटर म्हणाला, “बाबा, ऱ्हाऊ द्या तितंच.” त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बराच वेळ हात मांडीवर घेऊन बसून राहिले. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “त्यानं आडनाव इचारलं न्हाई.”

शहरातले हॉटेल काय करते ते या वाक्यात आले आहे. ते आडनाव विचारत नाही. खेड्यातल्या हॉटेलवाल्याला तुमचा आजासुद्धा माहीत असतो; शहरातल्याला तुमचा फक्त टेबल नंबर माहीत असतो. ही अनोळख आपल्याला मिळालेले मोठे धन आहे, आणि शनिवारी शहराकडे धावणाऱ्या आपल्या मुलांना ‘चंगळवादी’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. दोन तास कोणीही नसण्याचे सुख ज्याला जन्मतः मिळाले, त्याला त्याची किंमत कळणार नाही.

परंतु या धनाची किंमत रोख मोजावी लागते. मी पाच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. मानधन कधी मिळेल याचा भरवसा नसे. तेव्हा कित्येक शनिवारी मी मित्रांना पोट बिघडल्याचे सांगितले आहे. हॉटेल जात विचारत नाही, पण खिसा विचारते, आणि आपल्याकडे खिसा व जात यांचे नाते जुने आहे. आतल्या मोरीत भांडी घासणारा पोरगा कोठून आला, हे टेबलावर बसलेल्याला दिसत नाही. तो दिसत नाही म्हणूनच टेबल सर्वांचे वाटते.

पाटीचेही तसेच. ‘घरगुती चव’ ही पाटी आपल्या रस्त्यांवर जागोजाग दिसते. कोणाचे घर? काही पाट्या जातीचे नावच सांगतात, काही ‘शुद्ध’ या शब्दात ते सांगून टाकतात. आपल्या वस्तीत शिजणाऱ्या चान्यांची, वजडीची पाटी सहसा कोठे दिसत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद केली, तोवर हे खाणे मराठी पाककृतींच्या पुस्तकांना जणू अपरिचितच होते. आपल्याला टेबल मिळाले. आपले ताट अजून बाहेरच आहे.

आणि आमच्या फाट्यावरचे ते हॉटेल? तेथे आता कुडाच्या खाचेत कपबश्या नाहीत. सर्वांना कागदी कप मिळतात आणि पिऊन झाल्यावर सर्वांचेच कप फेकले जातात. हॉटेलवाल्याला मन बदलावे लागले नाही, फक्त कप बदलावा लागला. कोणाचा उष्टा कप कोणी धुवायचा, हा मूळ प्रश्न सुटण्याआधीच उकिरड्यावर गेला.

३

आमच्या चौघांपैकी एकाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. दोघे मित्र आत गेले. मला ओसरीवर खुर्ची मिळाली. “आत गर्दी आहे, सर, तुम्ही इथंच निवांत बसा.” आत स्टीलची ताटे होती, मला कागदी पत्रावळ आणि फेकायचा पेला आला. मित्राने ते पाहिले की नाही हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. पुढच्या शनिवारी आम्ही पुण्यात एका ताटातले पापड मोडून खाल्ले.

दोष एकट्या त्याचा म्हणता येणार नाही. चार वर्षांच्या मैत्रीत मी तरी त्यांना घरी कोठे बोलावले होते? पत्नीने एकदा सरळ विचारले, “त्यांच्यासंगं पुण्यात जेवता, मग आपल्या घरात काय काटं हाईत का?” काटे नव्हते, नकाराची भीती होती. हॉटेलचे टेबल हे आम्हा सर्वांना सोयीचे होते. तेथे कोणाला कोणाच्या स्वयंपाकघरात जावे लागत नव्हते. मैत्री टिकविण्यासाठी आम्ही तिची परीक्षाच टाळीत होतो.

अखेर यंदा एका रविवारी मी तिघांना जेवायला बोलावले. बाजरीची भाकरी आणि उजनीच्या चिलापीचे कालवण होते. दोघे पोटभर जेवले, एकाने पत्नीकडे भाकरी मागून घेतली. तिसरा उशिरा आला आणि पोट बिघडल्याचे सांगून नुसता बसून राहिला. ते कारण मला फार जवळून माहीत आहे. मी स्वतः पाच वर्षे वापरले आहे. माझे कारण रिकाम्या खिशातून आले होते. त्याचे कोठून आले ते त्याने शोधायचे आहे. आमचे बोलणे चालू आहे. पुण्याची फेरीही चालू आहे.

सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त बजावले होते. एकमेकांत जेवणाऱ्या जाती आहेतच, आणि तरीही त्या जाती आहेत; खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि धर्मशास्त्रांच्या प्रामाण्याला नकार, असे त्यांनी सांगितले. मग सहभोजन व्यर्थ का? मला तसे वाटत नाही. ज्याच्या चुलीपर्यंत आपण पोचलो नाही, त्याच्या घरात सोयरीक कशी पोचणार? हॉटेलचे टेबल ही पहिली पायरी आहे. तीवरच बसकण मारून पोचलो म्हणणे ही फसवणूक आहे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: टेबल एक झाले, ही आपल्या माणसांनी मार खाऊन मिळविलेली गोष्ट आहे, ती लहान समजू नकोस. पण अस्पृश्यता कोठे राहिली हे पाहायचे तर हॉटेलात शोधू नकोस. गेल्या वर्षभरात दुसऱ्या जातीच्या किती घरांत तू आत बसून, त्यांच्या रोजच्या ताटात जेवलास, आणि तुझ्या घरी तसे किती जेवले, ते मोज. हाच प्रश्न मी वर्गालाही विचारला. हात फार थोडे वर झाले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचा हात खालीच होता. तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “सर, आईला विचारून बघतो.”

मी त्याच्या निरोपाची वाट पाहतो आहे.