अर्धा गुण कुठे गेला?

संगणकाला काम सांगण्यासाठी माणसाने अनेक भाषा तयार केल्या आहेत. 'सी' ही त्यांपैकी एक महत्त्वाची भाषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती तयार केली. पुढे १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांनी या भाषेवर पुस्तक लिहिले. त्यातला पहिला प्रोग्रॅम पडद्यावर फक्त दोन शब्द आणतो: 'हॅलो, वर्ल्ड'. इतक्या लहान कामापासून सुरुवात करण्याची ही पद्धत मला फार आवडते. आमच्या शाळेत मीही असेच शिकवतो.

सीमध्ये प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो दिला नाही तर काय होईल? मुद्दाम विसरून पाहा. संगणक चूक दाखवतो, पण पुष्कळदा पुढच्या ओळीवर! विधान संपलेले नाही, हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळते.

मुले आणखी एक प्रश्न विचारतात, "सर, 'गुण = ३४' चालते, मग '३४ = गुण' का चालत नाही?" सीमध्ये = या चिन्हाचा अर्थ 'उजवीकडची किंमत डावीकडच्या डबीत ठेव' असा आहे. ओळ डावीकडून वाचायची, पण किंमत मात्र आपल्या उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते. माझ्या वर्गाला हे एकदाच सांगावे लागते.

एकदा आठवीच्या एका मुलीने स्वतःच्या गुणांची सरासरी काढली. पहिल्या चाचणीत ३४ आणि दुसरीत ३५. बेरीज ६९, भागिले २. पडद्यावर उत्तर आले ३४. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, याने माझा अर्धा गुण खाल्ला!"

काही मुलांना वाटले, संगणक बिघडला. मी उत्तर सांगितले नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाहा," एवढेच म्हणालो. मुलांनी ७० ला २ ने भागले. ३५ आले, बरोबर. ७ ला २ ने भागले, तर ३. मग १ ला २ ने भागले आणि शून्य आले. सगळा वर्ग हसू लागला. ९९ ला १०० ने भागले, तरी शून्यच! म्हणजे संगणक जवळची संख्या घेत नव्हता, तो अपूर्णांक सरळ टाकून देत होता.

कारण असे की, आम्ही सगळ्या डब्या 'इंट' प्रकारच्या केल्या होत्या. इंट म्हणजे पूर्णांक. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच मिळते.

एका मुलाने लगेच सरासरीची डबी 'फ्लोट' प्रकारची केली. या डबीत दशांश राहू शकतो. छापण्याच्या सूचनेतली खूणही त्याने आठवणीने बदलली. उत्तर आले ३४.००००००. दशांश चिन्ह आले, अर्धा गुण आला नाही. येथे पुष्कळ लोक अडकतात, मीही शिकताना अडकलो होतो. भागाकार आधी होतो आणि उत्तर डबीत नंतर पडते. अर्धा गुण डबीपर्यंत पोचण्याआधीच गेलेला असतो. डबी कितीही मोठी आणली, तरी गळती वाटेतच!

शेवटी त्या मुलीनेच २ च्या जागी २.० लिहिले. भागणारी संख्या दशांशाची झाली, म्हणून भागाकारही दशांशाचा झाला. पडद्यावर ३४.५०००००. तिने तो आकडा वहीत उतरवून घेतला.

घंटा होता होता तिनेच विचारले, "सर, उणे ७ ला २ ने भागले तर उणे ३ येईल की उणे ४?" अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे. कोणी जागचे हलेना. आम्ही करून पाहिले. उणे ३ आले.