मालगाडीचे यार्ड वर्गाच्या फरशीवर

आंबेगाव तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही नाही. पुणे–नाशिक लोहमार्गाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून त्याच्या आखणीचा पुन्हा विचार करावा लागला. तेव्हा अवसरी खुर्दच्या मुलांची रेल्वेशी गाठ पडते ती पुण्याला गेल्यावरच.

अशाच एका सहलीत तिथल्या काही मुलांनी कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले हे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येते. गाड्या येतात, सिग्नल बदलतात, रस्ते, पूल, घरे, सगळे चिमुकले. परत आल्यावर एका मुलीने आम्हाला विचारले, "मालगाडीला एवढे डबे असतात. ते कुठला कुणामागे हे ठरवतं कोण? आणि लावतात कसे?"

या प्रश्नाचे उत्तर स्टेशनावर उभे राहून मिळत नाही. ते मिळते स्टेशनालगतच्या यार्डात. यार्ड दाखवणे आम्हाला शक्य नव्हते. म्हणून आम्ही ते वर्गाच्या फरशीवर खडूने काढले.

यार्ड म्हणजे काय?

मालाच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. हा शब्द 'वॅगन'वरून आला. वर्गात तो उच्चारला की हशा पिकतो आणि मग कायमचा लक्षात राहतो. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या वाघिणी सोडवायच्या, त्यांची जाण्याच्या ठिकाणांप्रमाणे वर्गवारी करायची आणि नव्या क्रमाने जोडून गाडी तयार करायची, हे यार्डाचे काम. पोस्टात पत्रांची वर्गवारी होते तसेच हे. फरक एवढाच, की पत्र उचलून हव्या त्या खणात टाकता येते. वाघीण उचलता येत नाही. ती फक्त रुळावरून पुढे किंवा मागे जाते. सगळी गंमत या एका अडचणीत आहे.

यार्डात एकमेकींना समांतर अशा अनेक मार्गिका असतात. त्या सांध्यांनी एका मुख्य रुळाला जोडलेल्या असतात. सांधा म्हणजे रुळाची दिशा बदलण्याची सोय. इंजिनाला वाघिणी घेऊन मागेपुढे करता यावे म्हणून एका बाजूला रुळाचा एक वेगळा तुकडा असतो. त्याला 'शंटिंग नेक' म्हणतात. आपण त्याला 'मान' म्हणू. मान वेगळी ठेवण्याचे कारण महत्त्वाचे आहे. यार्डातली जुळवाजुळव चालू असताना मुख्य मार्गावरच्या गाड्या अडता कामा नयेत. लघुरेल्वे करणारे हौशी लोक सुरुवातीला हीच चूक करतात. जागा वाचवण्यासाठी मान गाळतात, आणि मग एक वाघीण हलवायची तरी सगळी वाहतूक थांबवावी लागते.

दुरडीतल्या भाकरी

आता खेळ मांडू या. इंग्लंडमधील ॲलन राइट या लघुरेल्वेच्या छांदिष्टाने 'इंगलनुक' नावाचे एक कोडे तयार केले आहे. त्यात तीन मार्गिका असतात. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. मानेवर इंजिन आणि तीन वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने लांब मार्गिकेवर उभ्या करायच्या. असे क्रम किती? ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. म्हणजे रोज एक कोडे सोडवले तरी अठरा वर्षे पुरतील.

वर्गासाठी आम्ही याचे लहान रूप घेतले. 'अ' मार्गिकेत तीन वाघिणी मावतात, 'ब' आणि 'क' मध्ये दोन-दोन, आणि मानेवर इंजिनाखेरीज दोन. वाघिणी म्हणजे लाकडी ठोकळे. त्यांवर मुलांनी ओळखीचा माल लिहिला: खत, कांदा, साखर, बटाटा, सिमेंट. सुरुवातीला 'अ' वर सांध्याच्या बाजूने आत खत, कांदा, साखर. 'ब' वर बटाटा, सिमेंट. 'क' रिकामी. तयार करायची गाडी: 'अ' वर सांध्याच्या बाजूने कांदा, बटाटा, साखर. कांदा पहिल्या स्टेशनावर सोडायचा आहे, म्हणून तो इंजिनालगत हवा.

मुलांनी काढलेले उत्तर असे:

१. इंजिनाने 'अ' मधून खत आणि कांदा ओढून मानेवर आणले आणि दोन्ही 'क' मध्ये ढकलले. 'अ' वर साखर एकटी राहिली.

२. 'ब' मधून बटाटा ओढला आणि 'अ' मध्ये साखरेला जोडला.

३. 'क' मधून खत आणि कांदा पुन्हा ओढले. आता खत इंजिनालगत आहे आणि कांदा पुढच्या टोकाला. दोघांना 'अ' कडे ढकलून कांदा बटाट्याला जोडला, आणि कांदा व खत यांच्यामधली जोडणी सोडली.

४. इंजिनाने खत मागे आणून 'ब' मध्ये सिमेंटपुढे ठेवले. गाडी तयार.

यात शिकण्यासारखे काय आहे? प्रत्येक मार्गिका म्हणजे एक दुरडी आहे. दुरडीत शेवटी टाकलेली भाकरी पहिल्यांदा हाती येते. तळची हवी तर वरच्या काढाव्या लागतात. मार्गिकेतही शेवटी गेलेली वाघीण आधी बाहेर येते. संगणकाच्या स्मृतीतही माहिती साठवण्याची अशीच एक पद्धत वापरतात. जे विद्यार्थी पुढे संगणकशास्त्राकडे जातील त्यांना ही दुरडी 'स्टॅक' या नावाने पुन्हा भेटेल.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. तिन्ही मार्गिकांत मिळून सात वाघिणींची जागा आहे आणि वाघिणी पाच. या दोन रिकाम्या जागा व मानेवरची जागा नसती तर काहीच हलले नसते. ओसंडून भरलेले यार्ड हे यार्डच राहत नाही, तो नुसता वाहनतळ होतो.

एक कोडे वाचकांसाठी ठेवतो. मूळच्याच मांडणीपासून सुरुवात करा आणि 'अ' वरचा क्रम नेमका उलटा करा: सांध्याच्या बाजूने साखर, कांदा, खत. हे जमते. इंजिनाने वाटेत एखादी वाघीण स्वतःला जोडलेली ठेवली तर काय होते याचा विचार करा. मग पुढचा प्रश्न: या लहान यार्डात ५ × ४ × ३ = ६० क्रम संभवतात. ते साठही जमतात का? हे वर्गात वाटून तपासता येईल.

अशी जुळवाजुळव नुसती खेळातली नाही. मनमाडहून आलेली गाडी दौंडवरून पुण्याकडे न्यायची तर तिची दिशा उलटावी लागे. म्हणजे इंजिन सोडायचे, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि तिथे जोडायचे. प्रत्येक गाडीचा वेळ त्यात जाई. पुढे दौंडजवळ दोन्ही मार्ग थेट जोडणारा छोटा फाटा, म्हणजे कॉर्ड लाइन, बांधल्यावर काही गाड्यांची ही यातायात वाचली.

वेग लहान होतो, घर्षण होत नाही

क्रमाचे गणित ठोकळ्यांवर जसेच्या तसे कळते. पण हालचालीचे काय? लघुरेल्वेत सर्वाधिक प्रचलित प्रमाण 'एचओ' हे आहे. त्यात प्रत्येक लांबी ८७ पट लहान असते. भारतीय रेल्वेच्या शंटिंगचा सर्वसाधारण कमाल वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. त्याला ८७ ने भागले की सेकंदाला ४.८ सेंटीमीटर येतात. एक मीटर रूळ पार करायला २१ सेकंद! मुलांना हा वेग गोगलगायीचा वाटतो आणि ती इंजिन सुसाट सोडतात. खऱ्यासारखे यार्ड चालवायचे तर पहिला नियम हाच: घड्याळ लावून वेग तपासा.

पण येथे एक अडचण उभी राहते. मोठ्या यार्डांत एक उंचवटा केलेला असतो. इंजिन वाघिणी हळूहळू त्यावर ढकलते, माथ्यावर जोडणी सुटते आणि एकेक वाघीण उतारावरून आपोआप घरंगळत आपल्या मार्गिकेत जाते. मुगलसराय (आताचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) येथील विस्तीर्ण यार्ड अशा कामासाठी प्रसिद्ध होते. हे दृश्य लघुरेल्वेत खऱ्या प्रमाणात का दाखवता येत नाही?

हिशेब करू. ताशी ५ किलोमीटर वेगाने सुटलेली वाघीण सपाट रुळावर किती दूर जाईल? तिला होणारा रोध तिच्या वजनाच्या चारशेवा भाग धरू. वेगाच्या वर्गाला 'दोन गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले हे रोधाचे प्रमाण' या गुणाकाराने भागले की अंतर मिळते. ते येते सुमारे ४० मीटर. नमुन्यात ते ८७ पट कमी, म्हणजे ४६ सेंटीमीटर असायला हवे. प्रत्यक्षात नमुन्याचा वेग सेकंदाला १.६ सेंटीमीटर. रोधाचे प्रमाण तेवढेच धरले तरी अंतर येते जेमतेम ५ मिलीमीटर! कारण वेग ८७ पट लहान झाला की त्याचा वर्ग ७५६९ पट लहान होतो. गुरुत्वत्वरण मात्र होते तेवढेच राहते. त्यातून नमुन्याच्या चाकांना रोध तुलनेने जास्तच असतो. एक मीटर रूळ एका टोकाला हळूहळू उचला आणि वाघीण कधी घरंगळते ते पाहा. आम्हाला सुमारे २ सेंटीमीटर उचलावा लागला, म्हणजे रोध वजनाच्या पन्नासाव्या भागाइतका. मग अंतर एक मिलीमीटरही उरत नाही. इंजिनाने सोडले की वाघीण जागच्या जागी उभी.

जे नमुना दाखवत नाही

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. शंटिंगचा एक नियम आम्ही खेळात घातला होता. जोडणी करण्यापूर्वी इंजिनाने वाघिणींच्या अलीकडे थांबायचे. खऱ्या यार्डात हे अंतर सुमारे २० मीटर असते, नमुन्यात २३ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत. सांधेवाल्या मुलाने डोक्यावर हिरवा झेंडा धरून दाखवला की मगच पुढे सरकायचे. झेंडा वर-खाली हलवला तर 'माझ्यापासून दूर जा', आडवा हलवला तर 'माझ्याकडे ये'. लाल झेंडा म्हणजे थांबा.

दुसऱ्या दिवशी गटांमध्ये शर्यत लागली आणि मुलांनी हे थांबणे गाळले. एकाचे बोट दोन ठोकळ्यांमध्ये सापडले. तो हसला, बाकीचेही हसले. तेव्हा आम्ही खेळ थांबवून फळ्यावर हिशेब मांडला.

भरलेली वाघीण ८० टनांची धरू. वस्तुमान लांबीच्या घनाप्रमाणे कमी होते. ८७ चा घन ६,५८,५०३. म्हणून तंतोतंत प्रमाणातल्या नमुन्याचे वस्तुमान सुमारे १२० ग्रॅम. वेग ८७ पट कमी, त्याचा वर्ग ७५६९ पट कमी. दोहोंचा गुणाकार केला तर नमुन्याची गतिज ऊर्जा खऱ्या वाघिणीच्या सुमारे ४९८ कोटी पट कमी निघते. माणसाच्या चालीने, ताशी ५ किलोमीटरने, सरकणाऱ्या खऱ्या वाघिणीत सुमारे ७७ हजार जूल ऊर्जा असते. ५० किलोचे पोते जवळजवळ १५७ मीटर उंचीवरून पडले तर जमिनीवर आदळताना त्यात एवढी ऊर्जा असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी जंक्शनवर जोडणी सोडवताना इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून एक रेल्वे कर्मचारी मृत्युमुखी पडला. तिथेही कुणी वेगात नव्हते.

वर्ग शांत झाला. त्यानंतर एक वीत अलीकडे थांबायला कुणी विसरले नाही.

नमुना करताना हे भान हवे. तो क्रम खरा दाखवतो, अंतरे खरी दाखवतो. जडत्व दाखवत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर 'यात काय लहान झाले आणि काय झाले नाही' असा तक्ता मुलांकडून करून घ्यावा.

यार्डे कुठे गेली?

शेवटी एक प्रश्न आला: "मग आपले बटाटे मंचरहून ट्रकनेच का जातात?" गावाजवळ रूळ नाहीत, हे खरेच. पण दुसरेही कारण आहे. एकेक वाघीण घेऊन तिची यार्डायार्डांत वर्गवारी करण्यात वेळ फार जाई. वाघीण धावण्यापेक्षा उभीच जास्त राही. म्हणून १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने पूर्ण गाडीचा माल एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी नेण्यावर भर दिला. कोळशाची ५८ वाघिणींची गाडी मध्ये कुठेही न मोडता जाते. यामुळे वेळ वाचला, जुनी वर्गवारीची यार्डे ओस पडली, आणि वीस-पंचवीस पोती पाठवू इच्छिणारा शेतकरी ट्रककडे वळला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल्वे निघाली. तिच्यात वाटेतल्या स्टेशनांवर थोडाथोडा माल चढवण्या-उतरवण्याची सोय ठेवली होती, ती याच अडचणीवरचा एक उपाय म्हणून.

फरशीवरचा खडू दुसऱ्या दिवशी पुसला गेला. ठोकळे कपाटात आहेत. आपल्या शाळेत खेळ मांडलात तर साठांपैकी किती क्रम जमले आणि सर्वांत कमी फेऱ्या किती लागल्या, ते आम्हाला जरूर कळवा.