पाच वाक्यांत ऑस्मोसिस

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात काय किंवा बीड जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेलं पोर अकरावी सायन्सला गेलं की पुस्तक एकदम इंग्रजी होतं. पूर्वी अशा वेळी गाईड तरी असायचं, नाहीतर ट्यूशनचे सर. आता मोबाईलवर एआयला एवढंच लिहायचं : ‘ऑस्मोसिस सोप्या इंग्रजीत सांग, पाच वाक्यांत.’ प्रश्न मराठीत केला तरी चालतो. उत्तर सोप्या इंग्रजीत येतं. आणि नवल असं, की त्या यंत्रात ‘सोपं’ नावाचं बटण कुठेच नाही.

माणसाने इंग्रजी सोपी करायची ठरवली तेव्हा यादी केली. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, तिच्यात शब्द अवघे ८५०. एआयकडे अशी यादी नसते. समोरच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, एवढाच हिशेब ते करतं. एक तुकडा लिहितं, त्याच्यासकट सगळा मजकूर जमेस धरून पुढचा लिहितं. पण ते घडवताना त्याला जाडजूड ग्रंथ वाचायला दिलेले असतात तसंच लहान मुलांसाठी लिहिलेलंही. शिवाय सांगितल्याप्रमाणे वागणारी उत्तरं कोणती, हे माणसांनी निवडून दाखवलेलं असतं. त्यामुळे ‘सोप्या इंग्रजीत’ हे तुमचे दोन शब्द मजकुरात पडले की पुढच्या प्रत्येक तुकड्याचं पारडं हलतं. ‘हायपरटॉनिक’ मागे सरतं, ‘सॉल्टी वॉटर’ पुढे येतं.

मग दोनच शब्द का घालायचे? आपल्याला काय ठाऊक आहे तेही सांगावं. कपाशीच्या बुडाशी युरिया जास्त पडला की रोप करपतं, हे इथल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. तेवढं प्रश्नात लिहिलं, की उत्तर प्रयोगशाळेतून उठून थेट वावरात येतं : मातीतल्या पाण्यात क्षार वाढले, मुळांना पाणी ओढता येईना, उलट मुळांतलंच पाणी बाहेर निघालं. हेच ऑस्मोसिस. माझ्या मते ‘मी दहा वर्षांचा आहे असं समजून सांग’ या लोकप्रिय युक्तीपेक्षा हे कितीतरी बरं. अकरावीच्या मुलाने दहा वर्षांचं का व्हावं?

थोडक्यात सांगण्याची मात्र किंमत मोजावी लागते. ‘पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं’ असं एका वाक्यात उत्तर आलं, तर त्यातून पडदा गळला. पाण्याला वाट देणारा आणि क्षारांना बऱ्याच अंशी अडवणारा तो पातळ पडदा मध्ये नसेल, तर पाणी नि क्षार नुसते एकमेकांत मिसळतील आणि ऑस्मोसिस उरणारच नाही. म्हणून लगेच विचारावं : ‘थोडक्यात सांगताना काय सोडलंस?’ परीक्षेतला अर्धा मार्क बहुधा तिथेच असतो.

गणितात तर गंमत आणखी वाढते. साध्या भाषा-मॉडेलला ‘फक्त उत्तर दे’ म्हटलं, की अनेक पायऱ्यांच्या उदाहरणात ते जास्त चुकतं. पायऱ्या लिहू दिल्या की सुधारतं. २०२२ च्या संशोधनात हे ठळकपणे दिसलं. कारण लिहिलेला प्रत्येक तुकडा त्याच्या पुढच्या हिशेबात धरला जातो. पायऱ्या गाळल्या तर पुढच्या पायरीला टेकायला काही उरत नाही. २०२४ पासून आलेल्या काही मॉडेलांनी यावर तोड काढली आहे. ती आधी स्वतःशी लांबलचक कच्चं लिहून घेतात आणि मगच छोटं उत्तर देतात. म्हणजे मोबाईलवर उमटलेल्या त्या पाच सोप्या वाक्यांमागे कधी कधी पानंच्या पानं खरडलेली असतात.