वाडी गावाबाहेर कुणी ठेवली?

गणपतीच्या आधीचे चार महिने जोहे आणि हमरापूर ही नावं मुंबई-पुण्याच्या मूर्तिविक्रेत्यांच्या तोंडी असतात. पेण तालुक्यातल्या या पट्ट्यात घरटी कारखाना म्हटलं तरी चालेल. पडवीत कच्च्या मूर्तींच्या रांगा, मांडवात रंगकाम, रस्त्यावर माल भरायला लागलेले टेम्पो. मूर्ती न्यायला आलेला माणूस गावचा मुख्य रस्ता पाहतो, सौदा करतो आणि परत फिरतो. गावात कोण कुठे राहतं, हे त्याला कळायचं कारण नाही.

पेण-रोह्याकडची बरीच गावं थोड्याफार फरकाने एकाच आखणीची आहेत. मधे गावठाण, त्यात आगऱ्यांच्या आळ्या. खाडी जवळ असली तर कोळीवाडा. एका अंगाला बौद्धवाडी. आणि शेतं ओलांडून, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची नाहीतर ठाकरांची आदिवासीवाडी. २०११च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यात आदिवासी साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे ही वस्ती काही मूठभर नाही. तरी ती नेहमी रस्ता संपतो त्याच्या पुढे असते. असं का, हे विचारलं की जी उत्तरं मिळतात, त्यांतली बहुतेक चुकीची आहेत.

‘पहिल्यापासून असंच आहे’

या उत्तराची शहानिशा याच जिल्ह्यात, तो कुलाबा असताना, थेट हायकोर्टापर्यंत झालेली आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असं सरकारी धोरण ठरलं. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्या दिवशीच्या हाणामाऱ्या आणि नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेण्याचा प्रकार सर्वांना माहीत असतो. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की तळं खासगी स्वरूपाचं आहे आणि अस्पृश्यांनी त्यावर यायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. दावा दहा वर्षं चालला. मार्च १९३७मध्ये मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला, कारण अशी अनादी वहिवाट दावेदारांना सिद्धच करता आली नाही.

‘पहिल्यापासून’ म्हणणाऱ्याला कोर्टाने पुरावा मागितला आणि तो त्याला देता आला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. बौद्धवाडी गावाच्या कडेला आहे ती कुणाला तिकडचा वारा आवडला म्हणून नाही. अस्पृश्यतेचा नियम होता, वतनाची गावकीची कामं होती, आणि घर कुठे बांधायचं, पाणी कुठून भरायचं हे त्या नियमाने ठरलेलं होतं.

‘कातकरी भटके, त्यांना जागेची ओढ नाही’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट. शिकलेली माणसंही तो बिनदिक्कत बोलून दाखवतात आणि वर ‘त्यांना रानातच बरं वाटतं’ अशी पुस्ती जोडतात.

कातकऱ्यांचा जुना धंदा खैराच्या झाडापासून काथ काढण्याचा. १८७८च्या वनकायद्यानंतर जंगलं राखीव झाली, झाड तोडणं गुन्हा ठरलं आणि धंदा बसला. मग उरल्या त्या कोळशाच्या भट्ट्या, सावकाराच्या शेतावरची मजुरी, आणि पुढे वीटभट्ट्या. जमीनदाराला राबायला, गवत राखायला माणसं हवी होती. त्याने आपल्याच जमिनीच्या पडीक कोपऱ्यावर त्यांना झोपड्या घालू दिल्या. रायगडातल्या अनेक कातकरीवाड्यांचं मूळ हे असं आहे. तीन-तीन पिढ्या तिथे राहून झाल्या, तिथेच माणसं जन्मली आणि पुरली गेली, पण जमीन कागदोपत्री दुसऱ्याची.

आता भटकण्याचं पाहू. पावसाची शेतकामं आटोपली की मुकादम येतो, उचल देतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. वाडीत म्हातारी माणसं आणि बंद दारं राहतात. पावसाच्या तोंडाशी माणसं परत येतात, त्याच वाडीत, त्याच घरात. दर वर्षी न चुकता एकाच ठिकाणी परतणाऱ्याला भटका म्हणायचं असेल, तर मे महिन्यात गावी येणारा गिरगावातला चाकरमानीही भटकाच. फरक एवढाच की चाकरमान्याच्या घराखालची जागा त्याच्या आजोबांच्या नावावर असते.

तलाठ्याकडून सात-बाराचा उतारा काढला की गोष्ट उघड होते. गाव नमुना सातवर भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार. बाजूला इतर अधिकारांचा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, असं सगळं तिथे यायचं. ज्या जमिनीवर वीस-पंचवीस घरांची वाडी उभी आहे, तिच्या उताऱ्यावर कित्येकदा त्या वाडीबद्दल चकार शब्द नसतो. जमीन पडीक किंवा गवताची. उतारा वाचून जमीन घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला ती मोकळीच दिसणार.

आणि गिऱ्हाईक येतंच. मुंबईचा पसारा पनवेल ओलांडून पेणच्या दारात आला, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि डोंगरपायथ्याच्या ज्या खडकाळ तुकड्याला कुणी विचारत नव्हतं त्यावर फार्महाऊसच्या पाट्या लागल्या. वाडीला ‘उठा’ म्हणणं तिथून सुरू होतं. कधी धाक दाखवून, कधी पैसे पुढे करून, कधी नुसता येण्या-जाण्याचा रस्ता तारेच्या कुंपणाने बंद करून. हे आजचंही नाही. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरीवाड्यांबरोबर काम करून, उठवलं जाण्याच्या याच प्रश्नावर २०१३मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं.

रानात बरं वाटण्याबद्दल बोलायचं तर खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ताच राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतपथकं पावसात चिखलाची चढण चालून वर गेली. त्यानंतर वाचलेल्यांचं पुनर्वसन पायथ्याला, चौकजवळ झालं. सरकारने खाली जागा द्यायला दरडीची वाट पाहिली, हे मला अजून पचलेलं नाही.

‘घरपट्टीची पावती आहे, म्हणजे घर आपलं’

हा गैरसमज वाडीतल्या माणसांचा, आणि तो महागात पडतो. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या नोंदवहीत नाव असणं म्हणजे घरावर कर आकारला जातो, इतकंच. विजेचं बिल, रेशनकार्ड, मतदारयादी यांनी राहण्याचा पुरावा तयार होतो आणि तो जपून ठेवावाच. पण त्यातल्या कशानेही घराखालची जमीन नावावर होत नाही.

उलटं टोकही तितकंच चूक आहे: ‘जमीन मालकाची, तो म्हणेल तेव्हा उठावं लागणार.’ १९४८च्या कूळकायद्यात कुळाने, शेतमजुराने किंवा गावच्या कारागिराने दुसऱ्याच्या जागेवर बांधलेल्या राहत्या घराला संरक्षण आहे. घराखालची जागा विकत घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. शिवाय वाडीलगत गावठाण विस्तार करता येतो. कायदे आहेत, पण ते अर्ज केल्याशिवाय हलत नाहीत, आणि अर्ज करायची वेळ येते तेव्हा माणसं भट्टीवर असतात.

‘अमेरिकेतलं गोऱ्या-काळ्यांचं प्रकरण वेगळं’

वेगळं आहेच. वर्ण म्हणजे जात नव्हे. गुलामगिरीचा इतिहास आपल्या वतनदारीला चिकटवण्यातही अर्थ नाही. पण अमेरिकेबद्दल आपल्याकडे जे समजलं जातं तेही अर्धवट आहे. समजूत अशी की गोऱ्यांना काळे शेजारी नको होते, काळे गरीब होते, म्हणून वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या.

आपोआप काही झालं नाही. १९३३मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. १९३४च्या फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जाला सरकारी हमी द्यायला सुरुवात केली, आणि अशा वस्त्यांना ती नाकारली. महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनसारख्या वसाहतीत तर गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही, अशी अट करारातच होती. अशा अटी कोर्टाने अमलात आणायच्या नाहीत, असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९४८मध्ये सांगितलं. घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा मात्र एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात आला. तोवर दोन पिढ्या गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या कर्जावर घरं घेतली होती, त्यांच्या किमती वाढल्या होत्या आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा त्यातून निघत होता. कायदा आला, तरी लाल भागातल्यांच्या हाती ती मिळकत आली नाही. तिकडे नकाशाने जे केलं, ते इकडे सात-बाराने केलं.

‘शहरात गेलं की जात सुटते, तिथे पैसा बोलतो’

पैसा बोलतो, पण आडनाव विचारून. देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांच्या २००१च्या जनगणनेतले वॉर्डवार आकडे तपासून त्रिना विथयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २०१२मध्ये दाखवलं की वस्त्यांची फाळणी सामाजिक-आर्थिक दर्जापेक्षा जातीवर जास्त ठळक आहे. मुंबईत याला सहकाराचीही साथ मिळाली. १९१५ सालची गावदेवीची सारस्वत सोसायटी सहकारी घरबांधणीतली अग्रणी म्हणून अभिमानाने सांगितली जाते, आणि ते काम कौतुकाचं होतंच. पण एका ज्ञातीने एकत्र येऊन घरं बांधायची ही रीत तिथून पुढे रुळत गेली.

‘घर देताना जात पाहायला कायद्याने बंदी आहे’ असंही ठोकून सांगितलं जातं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. सतराव्यात अस्पृश्यता नष्ट केली आहे. खासगी घराच्या विक्रीत किंवा सोसायटीच्या सभासदत्वात जात-धर्म पाहू नये असा अमेरिकेसारखा स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र आपल्याकडे नाही. उलट २००५मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारी पोटनियमातली अट सुप्रीम कोर्टाने मान्य केली. १९४८मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने ज्या प्रकारची अट अमलात आणायला नकार दिला, तशीच ही.

मुंबईत मराठी माणसाला जागा नाकारली की आपण पेटून उठतो, आणि उठावंच. तोच राग बौद्ध किंवा मुसलमान भाडेकरूला परत पाठवलं जातं तेव्हा कुठे असतो, हे ज्याने त्याने पाहावं. जोह्याच्या माणसालाही हे उमगायला हरकत नाही. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्याच्या खाडीकाठच्या खारेपाटात बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कातकऱ्याला गावाबाहेरचा मानणारा आगरी महानगराच्या हिशेबात स्वतः बाहेरच्या वाडीतला आहे.

‘नावं बदलली, प्रश्न मिटला’

डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. निर्णय चांगला. पाटी बदलली, जागा तीच राहिली.

त्याहून जास्त फरक पडू शकेल अशी योजना नोव्हेंबर २०२३मध्ये आली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींना पीएम-जनमन योजनेत घरकुल मिळतं, दोन लाखांचं. घर बांधायला जागा लागते. जागा मालकाची असेल तर त्याची संमती मागितली जाते, आणि पक्कं घर झालं की वाडीचा हक्क पक्का होईल, हे ओळखून मालक सही करायचं टाळतो. मग ग्रामसेवक फाइलवर ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा मारतो. त्या शेऱ्याला उत्तर म्हणून ग्रामसभेत गावठाण विस्ताराचा ठराव मांडता येतो आणि तहसीलदाराकडे कूळकायद्याखाली अर्ज करता येतो. दोन्हींसाठी माणसं वाडीत हजर लागतात, म्हणून हे काम दिवाळीच्या आत, मुकादम येण्यापूर्वी व्हायला हवं.