खाऱ्या पाण्याची टाकी: बाटल्या कमी, चाचण्या जास्त

वाशीमपासून समुद्र साडेचारशे किलोमीटरहून दूर. तरीही मोबाइलवर रंगीत प्रवाळ आणि मासे पाहून आपल्या जिल्ह्यातही कुणाला दिवाणखान्यात छोटा समुद्र मांडावासा वाटतो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर १९५१ पासून अरबी समुद्र होता. इथे तो बादलीत तयार करावा लागतो. दुकानदार मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम अशा बाटल्यांची रांगच लावतो. यातले खरोखर लागते काय?

सुरुवात पाण्यापासून. एकबुर्जीचे नळाचे पाणी असो की बोअरचे, ते थेट वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक, तर बोअरच्या पाण्यात आधीच बरेच क्षार असतात. आर.ओ.च्या शुद्ध पाण्यात सागरी मीठ विरघळवावे. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. पाणी खारट असले म्हणजे समुद्राचे झाले, असे नाही. शेजारच्या लोणारचे पाणीही खारेच आहे.

चांगल्या सागरी मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म घटक असतातच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० आणि मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. दगडी प्रवाळ हे कॅल्शियम ओढून सांगाडा बांधतात, म्हणून त्यांच्या टाकीत ते कमी होते. पण २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ घरी आणणे हा गुन्हा आहे. टाकीत फक्त मासे असतील, तर कॅल्शियम संपवणारे कुणी नाहीच. मग बाटली कशाला?

जास्तीचे कॅल्शियम टाकले, तर गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर हीटर आणि पंपावर बसतो. आयोडीनचे तर थोडे अधिक प्रमाणही जिवावर बेतू शकते. अशक्तपणा वाटला की तपासणी न करता सलाईन लावून घेण्यासारखाच हा प्रकार. नियम सोपा आहे: ज्याची चाचणी करता येत नाही, ते टाकू नये. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, की सूक्ष्म घटकांची भरपाई आपोआप होते.

पहिले चार ते सहा आठवडे खरी गरज असते ती संयमाची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, की पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी.

बाजारात ‘काल्कवासर’ नावाची पूड मिळते. हा जर्मन शब्द आहे. अर्थ सरळ आहे: चुन्याची निवळी. तिचा सामू १२ च्या वर असतो. पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणारी इजा डॉक्टरांच्या परिचयाची आहे. ही पूड तोच घात करू शकते. चुना बुबुळात खोलवर शिरतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. पूड मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कालवताना चष्मा व हातमोजे घालावेत. डोळ्यात गेलीच, तर लिंबू, दूध, तूप काहीही न घालता लगेच स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा, कण काढावेत आणि थेट रुग्णालय गाठावे.

हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. क्षयाच्या जंतूच्या कुळातला ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जिवाणू अशा पाण्यात असू शकतो. काही आठवड्यांनी बोटांवर किंवा हातावर न भरणाऱ्या गाठी येतात आणि उपचार कित्येक महिने चालतात. अशी गाठ दिसली, तर घरी मत्स्यालय आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान बहुतेक वेळा त्या एका वाक्यावर अडलेले असते.