स्मृतिपट्टिका, संगणकाची
संगणकाच्या मुख्य स्मृतीच्या चिपा धारण करणारी, मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसविता व काढता येणारी अरुंद मुद्रित मंडल पट्टी. व्यवहारात तिलाच ‘रॅम’ म्हणतात. संगणक चालू असताना प्रक्रियकास लागणाऱ्या आज्ञा व माहिती या स्मृतीत तात्पुरत्या ठेवलेल्या असतात. स्मृती अपुरी पडल्यास माहिती वारंवार मंद गतीच्या कायम साठवणीत ठेवावी व परत आणावी लागते आणि यंत्र रेंगाळते. अशा वेळी मेजावरील संगणकात अधिक स्मृतिपट्टिका बसवून त्याचे उपयुक्त आयुष्य वाढविता येते.

तत्त्व व विकास : या स्मृतीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत् भाराच्या रूपात साठविलेला असतो व एक ट्रँझिस्टर त्याचे द्वार म्हणून कार्य करतो. ही रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये योजिली. भार सतत झिरपत असल्याने तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. विद्युत् पुरवठा थांबताच माहिती नाहीशी होते. १९८० च्या सुमारास सुट्या चिपा बैठकींत बसवीत असत. यंत्र तापून निवत राहिल्याने त्या हळूहळू वर सरकत व जोड सैल होत. १९८३ मध्ये वँग लॅबोरेटरीजने अनेक चिपा एकाच पट्टीवर बसविल्या आणि त्यामुळे ही अडचण कमी झाली. हल्लीच्या पट्टीच्या दोन्ही अंगांस स्वतंत्र स्पर्शक असतात.

निवड : डीडीआर३ पट्टीस २४० स्पर्शक असून ती १.५ व्होल्ट दाबावर चालते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंस २८८ स्पर्शक असले, तरी त्यांचे दाब अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट आहेत. तिन्हींची लांबी सारखीच, सु. १३३ मिमी. असल्याने केवळ आकारावरून फसगत होते. तथापि स्पर्शकांच्या कडेवरील खाच प्रत्येक प्रकारात निराळ्या जागी असते. खाच जुळत नसल्यास पट्टी उलट धरलेली आहे किंवा अन्य प्रकारची आहे, असे समजावे. भिन्न गतीच्या पट्ट्या एकत्र चालल्याच, तर त्या मंद पट्टीच्या गतीने चालतात.

स्थिर विद्युत् : मनुष्यास ठिणगी जाणवण्यास सु. ३,००० व्होल्ट दाब लागतो; चिपेतील निरोधक थर मात्र काहीशे व्होल्टनेही भेदला जाऊ शकतो. म्हणजे हानी हाताला न कळता होते. पट्टी कधी तत्काळ निकामी होते, तर कधी कालांतराने चुका करू लागते. असे चुकीचे अंक हिशेबांत व दस्तऐवजांत नकळत उतरतात आणि दोष आज्ञावलीचा मानला जातो. कोरड्या हवेत भार अधिक साचतो. म्हणून दमट कोकणापेक्षा विदर्भातील उन्हाळ्यात अधिक दक्षता आवश्यक असते.

बसविण्याची पद्धत : संगणक रीतसर बंद करून प्लग काढावा. केवळ यंत्र बंद केल्याने भागत नाही, कारण प्लग जोडलेला असताना मदरबोर्डला ५ व्होल्टचा पुरवठा चालू राहतो. नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार निचरू द्यावा. कॅबिनेटची बाजू उघडून रंग नसलेल्या धातूस हात लावावा व पट्टी फक्त कडांनी धरावी. स्लॉटच्या टोकाची कळ उघडावी (काही मदरबोर्डांवर ती एकाच टोकास असते), खाच जुळवावी व दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. पट्टी पूर्ण बसताच कळ आवाज करून आपोआप मिटते. चार स्लॉट असल्यास दोन पट्ट्या बहुधा प्रक्रियकापासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवितात. त्यामुळे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात. याबाबत मदरबोर्डची पुस्तिका प्रमाण मानावी.

पडताळणी : डीडीआर५ पट्ट्या बसविल्यावर प्रथम सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, या अवधीत यंत्र संकेतांचे कालमान जुळवीत असते. त्यानंतर एकूण स्मृती बरोबर दिसते का, ते पाहावे. ती कमी दिसल्यास किंवा यंत्र सुरूच न झाल्यास प्लग काढून पट्ट्या पुन्हा बसवाव्यात व एकेक करून तपासाव्यात. बहुतेक वेळा दोष पट्टीत नसून अर्धवट बसलेल्या जोडात असतो. महत्त्वाचे काम सुरू करण्यापूर्वी स्मृतिपरीक्षणाची आज्ञावली चालविणे इष्ट असते.