विश्लेषण : गोल अडवणाऱ्याला भाव कमी का?

छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर किंवा गारखेड्याच्या क्रीडा संकुलात मुले संघ पाडतात, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. सगळ्यांना पुढे खेळायचे असते आणि शेवटी उरलेल्याला गोलात उभे केले जाते. गंमत अशी, की कोट्यवधींची उलाढाल असलेल्या व्यावसायिक खेळांतही चित्र फारसे वेगळे नाही. सामना वाचवणारा खेळाडू खरेदी-विक्रीत मात्र मागे राहतो. असे का होते?

हॉकी लिलावाने काय दाखवले?

ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. प्रत्येक पुरुष संघाकडे 4 कोटी रुपये होते. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंगला सूरमा हॉकी क्लबने 78 लाखांना घेतले, तर अर्जेंटिनात जन्मलेला जर्मन खेळाडू गोन्झालो पेयातला हैदराबाद तुफान्सने 68 लाख मोजले. आयर्लंडचा अनुभवी गोलरक्षक डेव्हिड हार्ट 32 लाखांना तमिळनाडू ड्रॅगन्सकडे गेला. मुंबईचा गोलरक्षक सूरज करकेरा याला 22 लाख मिळाले.

हरमनप्रीत आणि पेयात हे दोघेही बचावफळीत खेळतात. मग त्यांना एवढा भाव कसा? कारण दोघेही पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक मारून गोल करतात. म्हणजे भाव होता तो गोल करण्याच्या हातोटीला.

मग यष्टिरक्षक महाग कसा?

क्रिकेटमध्ये उलटे दिसते. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला 27 कोटींची विक्रमी बोली लागली. वर्षभराने संजू सॅमसनसाठी चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोन खेळाडू राजस्थानला दिले. दोघेही यष्टिरक्षक, पण संघांनी पैसे मोजले ते प्रामुख्याने त्यांच्या फलंदाजीसाठी. नुसते उत्तम यष्टिरक्षण करणाऱ्याला आता संघात जागा मिळणेही कठीण झाले आहे. हॉकी वा फुटबॉलच्या गोलरक्षकाकडे असा दुसरा हुकमी एक्का नसतो. फुटबॉलमध्ये 2017 साली नेमारसाठी 22.2 कोटी युरो मोजले गेले. पुढच्याच वर्षी गोलरक्षक केपासाठी चेल्सीने दिलेली विक्रमी रक्कम होती 8 कोटी युरो.

आइस हॉकीत हा वाद एवढा का रंगतो?

अमेरिका आणि कॅनडाच्या एनएचएल या लीगमध्ये खेळाडूची बदली सहसा रोख रकमेवर होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा नवोदितांच्या निवडीतला हक्क द्यावा लागतो. त्यामुळे ‘या गोलरक्षकाच्या बदल्यात काय मागायचे?’ हा प्रश्न तिथे सतत चघळला जातो.

पहिली अडचण जागेची. लीगमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येकाचा मुख्य गोलरक्षक एकच. आक्रमक खेळाडू जास्तीचा झाला तर त्याला दुसऱ्या-तिसऱ्या फळीत खेळवता येते. गोलरक्षक जास्तीचा झाला तर तो बाकावर बसतो. समोरच्या संघाला हे ठाऊक असते, म्हणून तो भाव पाडून मागतो.

दुसरी अडचण मोजमापाची. शंभर फटक्यांपैकी 92 अडवणारा गोलरक्षक उत्तम, तर 90 अडवणारा साधारण समजू. हंगामात 1500 फटके आले, तर दोघांत 30 गोलांचा फरक पडतो आणि तेवढ्याने संघाचे नशीब पालटू शकते. पण दहा सामन्यांत साधारण 300 फटके येतात. तेव्हा हा फरक फक्त सहा गोलांचा असतो आणि निव्वळ योगायोगानेही पाचेक गोल इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे दहा सामने पाहून कोण खरेच चांगला, हे खात्रीने सांगता येत नाही. शिवाय समोरचा बचाव भक्कम असेल तर गोलरक्षकाकडे सोपे फटके येतात आणि त्याची आकडेवारी आपसूक सुधारते.

घाईचा सौदा किती महाग पडतो?

2 डिसेंबर 1995 रोजी मॉन्ट्रियलचा गोलरक्षक पॅट्रिक रुआ याने डेट्रॉइटविरुद्ध नऊ गोल खाल्ले. प्रशिक्षकाशी बिनसले आणि चार दिवसांत त्याची कोलोरॅडोला बदली झाली. सोबत कर्णधार माइक कीनही गेला; बदल्यात तीन खेळाडू आले. त्याच हंगामात, 1996 मध्ये, कोलोरॅडोने स्टॅनले चषक जिंकला आणि 2001 मध्ये पुन्हा. मॉन्ट्रियलने रुआच्या साथीने 1993 मध्ये जिंकलेला चषक हा त्यांचा आजवरचा शेवटचा.

उलट बाजूही आहे. 2019 मध्ये फ्लोरिडाने सर्गेई बोब्रोव्स्कीशी सात वर्षांचा, 7 कोटी डॉलरचा करार केला. सुरुवातीची वर्षे त्यावर टीका झाली. पण 2024 आणि 2025 मध्ये तोच गोलात असताना फ्लोरिडाने सलग दोनदा चषक उंचावला.

आपल्यासाठी यात काय?

4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. भारत दहा खेळाडूंनिशी खेळला आणि पी. आर. श्रीजेशने ब्रिटनला रोखून धरले. शूटआउटमध्ये भारत 4-2 ने जिंकला आणि पुढे कांस्यपदकही मिळाले. लिलावाच्या हिशेबात न दिसणारी किंमत ती हीच.

गोलरक्षक व्हायचे ठरवणाऱ्या मुलामुलींना हा हिशेब माहीत असावा. संघात जागा एकच असते, संधी उशिरा येते आणि एका वाईट सामन्यावरून शिक्का बसतो. म्हणूनच निवड करणाऱ्यांनीही फक्त किती गोल झाले हे न मोजता किती फटके आले, ते किती जवळून आले आणि किती अडवले, याची नोंद ठेवायला हवी. त्याला एक वही पुरते. मात्र ती दोन-तीन हंगाम न चुकता भरावी लागते.